आकड्यापुढच्या दोन रेघा

मी दूध संघात नोकरीला होते असं सांगितलं की कोल्हापूरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "काय हो, फॅट किती लागते तुमच्यात?" मग मला सांगावं लागतं की बाबा रे, सगळ्या नोकरीत मी दुधाला हातसुद्धा लावलेला नाही. मी संगणकावर होते. हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो. म्हशीच्या संघात राहून म्हशीशी संबंध नाही म्हणजे ही बाई नुसतीच पगार खात होती, असं त्याला वाटतं. म्हशीशी माझा संबंध कसा आला, ते सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

आमचा संघ लहानसा होता. पुढे तो दुसऱ्यात विलीन झाला, तेव्हा नावाला काही अर्थ उरला नाही. संघाची गावोगाव दूध संस्था असायची आणि प्रत्येक संस्थेत सभासदांना एकपासून क्रमांक. जनावर आजारी पडलं की सभासद आपल्या गावच्या संस्थेत जायचा, तिथला सचिव आमच्या कोल्हापूरच्या कार्यालयात फोन करायचा आणि आमच्याकडे ती तक्रार नोंदली जायची. डॉक्टर जीप घेऊन फेरीवर असायचे. मोबाइल निघाले होते, पण त्यांची रेंज हायवेवरच, आत शिरलं की राम म्हणा. म्हणून डॉक्टर प्रत्येक थांब्यावरून संस्थेच्या फोनवरून विचारायचे, "आता कुठं?" आणि आमचा माणूस पडद्यावर बघून सांगायचा. डॉक्टर जाऊन आले की त्यांची चिठ्ठी यायची आणि त्या तक्रारीपुढे 'पूर्ण' अशी नोंद व्हायची. ती नोंद झाली की तक्रार बाकीच्या यादीतून जायची आणि त्या दिवसाच्या 'पूर्ण' यादीत पडायची. हा प्रोग्राम माझा. मीच लिहिला, मीच सांभाळला आणि त्याच्या नावानं येणाऱ्या शिव्याही मीच खाल्ल्या.

आता यातली मेख. संघाचा मोठा डेटाबेस हिशेबाच्या लोकांसाठी विकत घेतलेला होता. जनावरांच्या विभागाला मात्र संचालक मंडळानं सांगितलं, "फुकटात काय होतंय ते बघा." म्हणून आमच्या टेबलांवर फुकटची प्रणाली होती आणि तिच्यातून त्या डेटाबेसशी बोलायला एक फुकटचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे जीपचा नव्हे. आपला प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये निरोपाची ने-आण करणारा एक छोटा प्रोग्राम असतो, तो. कुठल्याशा देशातल्या हौशी लोकांनी तो लिहिला होता आणि काम चोख करायचा. फक्त त्याच्या माहितीत एक ओळ होती की प्लेसहोल्डरची सोय अजून नाही.

प्लेसहोल्डर म्हणजे काय, हे मी नवऱ्याला जसं समजावलं तसंच सांगते. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी संकल्प सांगतात आणि मध्येच म्हणतात, "इथे आपलं नाव घ्या." शहाणा यजमान आपलं नाव घेतो. एखादा घाबरलेला नवा जावई ठणकावून म्हणतो, "इथे आपलं नाव घ्या!" सगळे हसतात. बिचाऱ्याला म्हणायचं काय आणि भरायचं काय यातला फरक कळलेला नसतो, एवढंच. डेटाबेस त्या जावयासारखा असतो. चांगला ड्रायव्हर त्याला आधी रिकामी जागा सोडलेलं वाक्य देतो आणि त्या जागेत भरायचं नाव वेगळं हातात देतो, म्हणजे घोटाळा होत नाही. ती रिकामी जागा म्हणजे प्लेसहोल्डर. आमच्या ड्रायव्हरला हे जमत नव्हतं. त्यामुळे मला आज्ञा आणि नाव एकाच कणकेत मळून द्यावं लागायचं आणि त्यातलं नाव कुठलं, आज्ञा कुठली, हे डेटाबेसनं ओळखावं म्हणून देवाचा धावा करावा लागायचा.

सुरुवातीलाच याचा प्रसाद मिळाला होता. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या जागांवर दाटीवाटीनं बसवलेली असत. आमच्या फॉन्टमध्ये एका अर्ध्या अक्षराला जागा मिळाली होती ती इंग्रजी अवतरणचिन्हाची. डेटाबेसच्या भाषेत ते चिन्ह म्हणजे 'नाव संपलं'. ते अक्षर ज्याच्या नावात, त्याची म्हैस नोंदलीच जाईना. कागलकडचे एक पैलवान गडी थेट कार्यालयात आले आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "म्याडम, सगळ्या गावाची जनावरं मशीन घेतंय, आमचंच न्हाय म्हणतंय. आमच्या नावात काय खोट हाय?" मी त्यांना चहा पाजला आणि त्याच आठवड्यात एक चाळणी लिहिली. प्रत्येक अक्षरी मजकूर त्या चाळणीतून जायचा आणि असलं चिन्ह आलं की ते निरुपद्रवी होऊन बाहेर पडायचं. आकड्यांना चाळणी लावली नव्हती. आकड्यात आकड्याशिवाय काय असणार, असं मला वाटायचं.

आता मल्लाण्णांची ओळख करून देते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांची आहे. मल्लाण्णा सीमेकडचे, लिंगायत, घरात कानडी आणि बाहेर खणखणीत मराठी. उभा जन्म एका पतसंस्थेच्या काउंटरवर काढून ते आमच्याकडे पशुखाद्याच्या विभागात आले होते. माझ्यापेक्षा कितीतरी मोठे, तरी मला 'अक्का' म्हणायचे. आवाज असा की फोनची गरज फक्त समोरच्याचं ऐकण्यापुरती. आणि एक सवय होती. कागदावर कुठलाही आकडा लिहिला की त्याच्यापुढे लांब रेघ ओढायची. "आकडा उघडा ठिवायचा न्हाय अक्का. उघडं दार आन् उघडा आकडा, कोण कवा शिरंल सांगता येत न्हाय." पोस्टकार्डावरच्या पिनकोडपुढेही ते रेघ ओढायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

त्या दिवशी आमच्या तक्रारींच्या टेबलावरची सुनंदा दुपारी नणंदेच्या साखरपुड्याला जाणार होती. तिच्या खुर्चीवर अर्ध्या दिवसापुरते मल्लाण्णा पहिल्यांदाच येऊन बसले. निघता निघता सुनंदानं शेवटचा फोन घेतला. मुरगूडच्या पलीकडच्या गावातून, सभासद क्रमांक एक्केचाळीस, आनुबाई, म्हैस अडली आहे. अडलेल्या म्हशीला आमच्याकडे पहिला मान. तक्रार लाल रंगात पडद्यावर आली. डॉक्टर नलवडे त्याच बाजूच्या फेरीवर होते आणि मुरगुडात पोचल्यावर ते फोन करणारच होते. त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. सुनंदा बस गाठायला पळाली.

मल्लाण्णांनी सकाळच्या फेरीच्या चिठ्ठ्या पुढ्यात घेतल्या. पहिलीच चिठ्ठी होती चंदगड भागातली, तिथल्या एका संस्थेचा सभासद, त्याचाही क्रमांक एक्केचाळीस. डॉक्टर जाऊन आले होते, 'पूर्ण' अशी नोंद करायची होती. मल्लाण्णांनी क्रमांकाच्या चौकटीत ४१ लिहिलं. कीबोर्डवर लांब रेघ काही सापडेना. तेव्हा त्यांनी वजाबाकीची कळ दोनदा दाबून आकडा बंद केला आणि पुढच्या चौकटीत संस्थेचा क्रमांक घातला.

त्यावर माझ्या प्रोग्रामनं डेटाबेसला दिलेलं वाक्य असं होतं: 'पूर्ण' लिही, कुठे, तर जिथे सभासद एक्केचाळीस आणि संस्था अमुक. पण डेटाबेसच्या भाषेत लागोपाठ दोन रेघांचा अर्थ असतो, 'इथून पुढे ओळीत जे आहे ते वाचू नकोस, ती नुसती टीप आहे.' त्यानं इमानानं एक्केचाळीसपर्यंत वाचलं आणि संस्थेचा भाग टीप समजून सोडून दिला. झालं. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या संस्थांतल्या सभासद एक्केचाळीसपुढे 'पूर्ण' लिहिलं गेलं. आनुबाईची लाल ओळ यादीतून गेली. कोणी ओरडलं नाही, कुठली घंटा वाजली नाही. आकडा बंद झाला म्हणून मल्लाण्णा समाधानानं पुढच्या चिठ्ठीकडे वळले. ती भरायच्या आतच फोन वाजला.

"मुरगुडातून नलवडे बोलतोय. या बाजूला आणखी काय?"

मल्लाण्णांनी पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. "काय न्हाय डॉक्टर. या मागारी."

मी शेजारच्याच टेबलावर होते. हे संभाषण माझ्या कानावर पडलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण सुनंदानं घेतलेला फोन मी ऐकलाच नव्हता. मल्लाण्णा चहा पिऊन आले आणि पुढची चिठ्ठी हातात घेतायत, तोवर पुन्हा फोन वाजला. यावेळी मल्लाण्णा गोंधळलेले दिसले. "अवो बाई, आसं कसं? तुमच्याकडं डॉक्टर येऊन गेलाय की. हितं मशीनवर लिवलंय." पलीकडून जो आवाज आला तो मला माझ्या खुर्चीत ऐकू आला. मी फोन घेतला.

"कोन येऊन गेलंय?" आनुबाई ओरडत होत्या. "रेडकाचं पाय भायेर आल्यात, डोकं येईना झालंय, जाणत्या माणसानं हात घालून बगितला, त्यानं बी हात टेकलं. आन् तुमी म्हंताय येऊन गेला? मला काय आंधळी समजताय?" आणि मग एकदम आवाज खाली गेला. "बाई, एकच म्हस हाय माझी. तिच्यावर घर चाललंय. धाडा की वो कुणाला तरी."

मी पडदा बघितला. आनुबाईची तक्रार पूर्ण. तिच्यासोबत, अगदी त्याच क्षणी, इतरही बऱ्याच संस्थांतल्या तक्रारी पूर्ण, सगळ्या एक्केचाळीस. मल्लाण्णांना विचारलं, "एक्केचाळीसची चिठ्ठी कशी भरली?" त्यांनी कौतुकानं चौकट पुन्हा तशीच भरून दाखवली. चौकटीतल्या त्या दोन रेघा बघितल्या आणि मला सगळं कळलं. कळून उपयोग काय? नलवडे मुरगूड सोडून कागलच्या दिशेनं निघाले होते आणि प्रत्येक मिनिटाला म्हशीपासून लांब जात होते. हायवे लागला की ते सरळ कोल्हापूर गाठणार.

"आनुबाई, डॉक्टर येतायत," मी म्हणाले. हे मी कशाच्या भरवशावर म्हणाले ते आजही मला माहीत नाही. "म्हशीला बसू देऊ नका, ओढाओढ करू नका."

मी माझा प्रोग्राम बाजूला ठेवला. हिशेबाच्या खोलीत जाऊन थेट डेटाबेसच्याच यंत्रावर बसले आणि हातानं वाक्य लिहिलं, मुरगूड ते कागल रस्त्यावरच्या सगळ्या संस्थांचे फोन नंबर दे. मध्ये कोणी निरोप्या नाही, चाळणी नाही. दोनदा वाचलं, मगच कळ दाबली. नंबर कागदावर उतरवून मल्लाण्णांच्या हातात दिले. "या रस्त्यानं जीप चालली आहे. थांबवा."

मल्लाण्णांनी कागद पुढ्यात ओढला. पहिल्या गावात फोन लावला, जीप नुकतीच पुढे गेलेली. दुसऱ्या गावात फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. तिसऱ्या गावात सचिव भेटला. संध्याकाळचं दूध घालायची वेळ होत आली होती आणि बायका किटल्या घेऊन रांगेत यायला लागल्या होत्या.

"पावणं, ऐका," मल्लाण्णा गरजले. "संघाची पांढरी जीप तुमच्या दारावरनं जानार हाय. आडवा तिला."

"आडवू म्हंजे? हात केला तर डॉक्टर थांबतोय व्हय? फेरी संपली की त्यो देवाला बी थांबत न्हाय."

"मग कायतर करा की! मुरगुडाकडं म्हस अडल्या!"

अडलेल्या म्हशीचं नाव निघाल्यावर कोल्हापूर जिल्ह्यात दुसरं काही सांगावं लागत नाही. सचिवानं फोन तसाच टेबलावर टाकला. पुढचं सगळं आम्ही फोनमधून ऐकलं. "ए, कॅन घ्या, कॅन! रस्त्यावर आडवं लावा!" मग रिकामे कॅन फरफटत नेल्याचा खडखडाट, बायकांचा गलका, एका म्हातारीचा प्रश्न, "दूध घ्यायचं बंद केलं काय रं?" मल्लाण्णांनी फोन आमच्या दोघांच्या मध्ये धरला होता. मग लांबून हॉर्न. हॉर्न जवळ आला आणि थांबला. आणि नलवडे डॉक्टरांचा ओळखीचा आवाज, "हे काय चालवलंय? मोर्चा आहे का?"

मी डोळे मिटले. हॉर्नचा आवाज इतका गोड असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

डॉक्टर फोनवर आले ते तापलेलेच. "मल्लाण्णा, तूच म्हणालास ना, काही नाही म्हणून?"

मी फोन घेतला. "डॉक्टर, यंत्रानं फसवलंय. भांडण कोल्हापुरात आल्यावर करू. तुम्ही मुरगुडात होतात तिथून पुढच्याच गावात म्हैस अडली आहे. पाय बाहेर, डोकं येत नाही."

"डोकं मागं वळलंय," ते म्हणाले. बस, एवढंच. त्यानंतर फोनमध्ये फक्त कॅन बाजूला केल्याचा आवाज आणि जीप वळल्याचा.

मग वाट बघणं. मी त्या वेळात सगळे एक्केचाळीस पुन्हा उघडले आणि ज्यांची तक्रार खरोखर बाकी होती त्यांना फोन केले. चंदगड भागातलाच, दुसऱ्या संस्थेचा एक सभासद म्हणाला, "राहू द्या बाई, रेडकू आपसूकच बरं झालंय, उड्या मारतंय." बाकीच्यांचंही काही बिघडलं नव्हतं. राहिली होती ती एकच.

मल्लाण्णा खुर्चीत अंग चोरून बसले होते. एवढा मोठा माणूस लहान दिसायला लागला होता. "अक्का, म्या काय केलं?" त्यांनी विचारलं. मी त्यांना सत्यनारायणाचा जावई सांगितला, दोन रेघांचा अर्थ सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे म्या दार लावाय गेलो, आन् ते भिंतच पाडून बसलं." मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. माझ्या प्रोग्रामचं वर्णन इतकं नेमकं मला स्वतःलाही कधी जमलं नव्हतं.

उन्हं उतरली तेव्हा फोन वाजला. आम्ही दोघांनी एकदम हात घातला. नलवडे होते. पार दमलेला आवाज. "रेडी झाली. डोकं सरळ करून घेतलं. दोघी बऱ्या आहेत." मागून आनुबाईंचा आवाज आला, "द्या हिकडं." आणि मग मला थेट, "बाई, म्हस सुटली माझी. पर पुन्यांदा येऊन गेला, येऊन गेला म्हनू नका कुनाला. जीव जातोय माणसाचा."

मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. मल्लाण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि कोणाला उद्देशून ते कळलं नाही, पण कानडीत काहीतरी पुटपुटत हात जोडले. मग कॅन्टीनकडे तोंड करून असा आवाज दिला की चहावाला कपबशा टाकून धावत आला.

दुसऱ्या दिवशी आकड्यांनाही चाळणी लागली. अंकाशिवाय काही आलं तर यंत्र पुढे सरकायचंच नाही. पुढेही सुनंदाच्या रजेला मल्लाण्णांनाच बसायचं होतं, पण ते अडून बसले. "आकडा उघडा ठिवू कसा? हात वळंना माझा." त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. त्यांनी जन्मभर केलं ते राखणीसाठीच. मी प्रोग्रामात बदल केला. आकडा भरून पुढे गेलं की पडद्यावर त्याच्यापुढे प्रोग्रामच एक लांब रेघ काढायचा, नुसती दिसण्यापुरती, डेटाबेसकडे न जाणारी. ती बघून मल्लाण्णांनी मान डोलावली. "आता कसं शिस्तीत वाटतंय."

दोन दिवसांनी नलवडे डॉक्टर त्या बाजूनं येताना आनुबाईंनी दिलेली किटली घेऊन आले. आत चीक होता. कॅन्टीनमध्येच त्याचा खरवस केला. संगणक विभागात बसून मी म्हशीच्या पहिल्या दुधाचा खरवस खाल्ला तो त्या दिवशी, आणि त्याच्या तोडीचा पुन्हा कुठे मिळाला नाही.

मल्लाण्णांना मात्र त्या दिवसानंतर एक नवी सवय लागली. म्हैस अडल्याची तक्रार यंत्रानं 'पूर्ण' दाखवली की ते घरी जायच्या आधी आमच्या टेबलाशी येऊन त्या गावी फोन करायचे, "डॉक्टर आलतं न्हवं?" सुनंदा त्यांना हसायची. निवृत्त होताना त्यांनी मला एवढीच एक गोष्ट सोपवली. "मशीन काय बी म्हनू दे अक्का, एक फोन करत जा."

काही वर्षांनी त्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली आणि माहितीतली ती ओळ गेली. आता वाक्यात प्रश्नचिन्ह लिहायचं आणि आकडा वेगळा द्यायचा. मी सगळी वाक्यं बदलली, माझी चाळणी काढून टाकली आणि पहिल्या चाचणीला मुद्दाम ४१ पुढे दोन रेघा दिल्या. उत्तर आलं, हा आकडा नाही. त्या रुक्ष उत्तरानं माझ्या मानेवरचं ओझं उतरलं. इतकी वर्षं एकेका वाक्यावर डोळ्यात तेल घालून पहारा दिला होता, तो आता दुसरं कोणीतरी देणार होतं.

त्यानंतरच्याच एका संध्याकाळी घरी निघताना पडद्यावर नजर गेली. मुरगूडच्या पलीकडचं तेच गाव, सभासद एक्केचाळीस, म्हैस अडली, पूर्ण. पुढे 'पहिलं वेत' असं लिहिलेलं, म्हणजे ही त्या दिवशी जन्मलेली रेडीच, आता स्वतः व्यायला झालेली. यंत्र बरोबर होतं, माझी खात्री होती. या वेळी खोटं बोलायला त्याला वावच नव्हता. तरी मी पर्स खाली ठेवली आणि फोन लावला. सचिवानं आनुबाईंना बोलावून आणलं.

"आनुबाई, संघातून बोलतेय. डॉक्टर आले होते का हो?"

"आलतं की," आनुबाई म्हणाल्या. "चा पिऊन गेलं."